संतापुढे मान लवविणारी शिडे

दरवर्षी १६ जुलै रोजी आपण कार्मेल माउलीचा सण पाळतो. नेमक्या त्याच दिवशी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॉनेमारा या खडकाळ प्रदेशातील कारना गावासमोरच्या एका निर्जन बेटावर पवित्र मिस्सा अर्पण केली जाते. बेट इवलेसे आहे. त्यावर ना वस्ती, ना बाजारपेठ. आहे ते केवळ ग्रॅनाइटच्या दगडांनी बांधलेले एक चिमुकले मंदिर. सहाव्या शतकातील संत मॅकडारा यांच्या नावाने ते ओळखले जाते आणि त्या किनाऱ्यावरील कोळी व नावाडी त्यांना आपला आश्रयदाता मानतात. भाविक बोटींतून बेटावर येतात, मिस्सा ऐकतात, आणि दुपारी त्याच पाण्यात शिडाच्या होड्यांच्या शर्यती लागतात.

या मंदिराविषयी एक गोष्ट प्रथमच सांगून टाकतो, कारण पुढील विषयाशी तिचे नाते आहे. आज दिसणारी वास्तू बाराव्या शतकातील मानली जाते. तिच्या लांबीच्या भिंती दर्शनी भिंतीच्याही पुढे थोड्या आलेल्या आहेत आणि त्यांचे हे पुढे आलेले काठ छपराच्या उतारासोबत थेट शिखरापर्यंत चढत जातात. दगडी बांधकामाला याची काहीच गरज नव्हती. त्याआधीची मंदिरे लाकडाची होती. त्यांतील तुळयांची रचना पाथरवटाने श्रद्धेने दगडात उतरविली, असे जाणकार सांगतात. म्हणजे सुताराच्या कलेची आठवण दगडाने जपली. त्याच मंदिरासमोरच्या पाण्यात सुताराची आणखी एक कला जिवंत राहिली. ती म्हणजे गॉलवेची ‘हूकर’ ही गॅफ पद्धतीच्या शिडाची छोटी नौका.

या बेटाजवळून जाताना नावाडी आपले शीड तीन वेळा खाली उतरवून पुन्हा चढवितात. संताला केलेले हे वंदन आहे. प्रथा फार जुनी. रॉडरिक ओफ्लाहर्टी या विद्वान कॅथोलिक इतिहासकाराने १६८४ साली या प्रदेशाचे वर्णन लिहिले, त्यात तिचा उल्लेख आहे. ओफ्लाहर्टी एका जुन्या सरदार घराण्यात जन्मला होता. परंतु क्रॉमवेलच्या काळातील जप्तीत त्याची बहुतेक जमीन गेली आणि गॉलवेच्या पश्चिमेस दारिद्र्यात त्याने वृद्धापकाळ काढला. तो लिहितो की, १६७२ साली गॉलवेच्या लष्करी तळावरील एक कप्तान संताला वंदन न करता पुढे गेला, तेव्हा समुद्राने त्याला इतके झोडपले की पुन्हा असे करणार नाही असा त्याने नवस केला. पण तो नवस फेडण्याची वेळ आलीच नाही, लवकरच जहाज फुटून तो बुडाला. पुढे काही वर्षांनी एका कोळ्याने हेटाळणीने शीड उतरविले नाही, तर उलट्या वाऱ्याच्या झोताने डोलकाठी मोडून त्याच्याच डोक्यात पडली. आजच्या वाचकाला यातील शिक्षेचा भाग रुचणार नाही, मलाही तो फारसा रुचत नाही. ज्या प्रभूने वादळाला शांत केले, त्याचे संत वंदनाच्या हिशेबासाठी वादळ उठवीत असतील असे वाटत नाही. पण दर्यावर पोट असलेल्या माणसांनी या कथा तीनशे वर्षे सांगितल्या, यावरून त्यांच्या मनातील भय आणि आधार दोन्ही कळतात.

आता ही नौका तेथे का जन्मली ते पाहू. गॉलवेच्या आखाताच्या उत्तरेला कॉनेमारा. तेथील जमीन ग्रॅनाइटची, आम्लधर्मी, पाणथळ. शतकानुशतके साचून कुजलेल्या वनस्पतींचे काळे थर तेथे मैलोगणती पसरले आहेत. हे थर विटांसारखे कापून उन्हावाऱ्यात वाळविले की जळण तयार होते. त्याला ‘टर्फ’ म्हणतात. आखाताच्या मुखाशी आरन नावाची तीन बेटे आणि दक्षिणेला बरेन नावाचे पठार. हा सारा भाग चुनखडीचा, उघडाबोडका. तेथे ना झाडी ना टर्फ. आरनचे लोक इतके अडलेले असत की गाईचे शेण वाळवून ते जाळीत. गोवऱ्या केवळ आपल्याच देशात थापतात असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. उलट कॉनेमाराच्या आंबट जमिनीला चुन्याची नितांत गरज होती. एका काठावर जे उदंड, ते दुसऱ्या काठावर दुर्मीळ. आणि मध्ये अटलांटिकचे खवळलेले पाणी. कॉनेमाराच्या किनाऱ्यापासून मोठ्या आरन बेटाच्या किलरोनन बंदरापर्यंतचे अंतर जेमतेम १८ ते २० किलोमीटर, पण महासागराच्या लाटा थेट अंगावर घेणारे. या पाण्यावरून टर्फ घेऊन जायचा आणि परतताना चुनखडी, गुरे, बटाटे किंवा जे मिळेल ते आणायचे, हा या नौकेचा धंदा. सरकारी नजर चुकवून घरगुती गाळलेली दारूही तिच्यातून जात असे. बेटावरचे लग्नाचे वऱ्हाड आणि मिस्सेला निघालेले भाविकही तिच्यातूनच जात.

‘हूकर’ हे नाव मूळ डच भाषेतील एका जुन्या नौकेच्या नावावरून आले असे मानतात. स्थानिक आयरिश भाषेत आकारानुसार तिच्या चार जाती सांगतात. सर्वांत मोठी ‘बाड मोर’, म्हणजे शब्दशः मोठी बोट. तिची लांबी ३५ ते ४४ फूट. तिच्याहून लहान ती ‘लाहवाड’ म्हणजे अर्धी बोट, सुमारे ३० फुटांची. त्याखालोखाल ‘ग्लोचोग’, २४ ते २८ फुटांची. तेवढ्याच आकाराची पण वेगळ्या शिडाची ती ‘पूकान’. पहिल्या तिघींना एकच डोलकाठी, तिच्या मागे एक मोठे शीड आणि पुढे दोन लहान त्रिकोणी शिडे असतात. पुढचा भाग तेवढा फळ्यांनी झाकलेला. तेथे खलाशी निजत आणि चूल पेटवीत. मागचा सारा भाग मालासाठी उघडा.

मोठ्या शिडाची रचना समजावून घेण्याजोगी आहे. आपल्या कोकणच्या होड्यांना डोलकाठीवर तिरकी टांगलेली एक लांबलचक काठी असे आणि तिला त्रिकोणी शीड. ते देखणे खरे, आणि वाऱ्यात जोरदारही. पण वाऱ्याची बाजू बदलली की ती अवजड काठी डोलकाठीच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला न्यावी लागे, आणि त्यासाठी हात पुष्कळ लागत. गॅफ पद्धतीत शीड चौकोनी असते आणि ते सर्वस्वी डोलकाठीच्या मागे राहते. त्याच्या वरच्या कडेला एक काठी बांधलेली असते, तिलाच गॅफ म्हणतात. गॅफचे एक टोक बेचकीसारखे असून ते डोलकाठीला कवटाळून वरखाली सरकते. दुसरे टोक तिरके आकाशाकडे जाते. दोन्ही टोकांना दोन स्वतंत्र दोर. नौका वळली की शीड दाराच्या फळीसारखे आपोआप दुसऱ्या बाजूला फिरते. वारा अचानक वाढला तर तिरक्या टोकाचा दोर सैल सोडायचा, की शिडाची मान खाली येऊन अर्धा जोर क्षणात ओसरतो. डोलकाठी आखूड असूनही शीड मोठे मिळते आणि वाऱ्याचा भार खालीच राहतो. अलीकडच्या क्रीडानौकांचे उंच त्रिकोणी शीड वाऱ्याच्या अधिक जवळून जाऊ शकते हे मान्य केले पाहिजे. पण बाप, लेक आणि फार तर एखादा पुतण्या एवढ्याच मनुष्यबळावर टर्फने काठोकाठ भरलेली बोट हाकायची, तर गॅफसारखे सोयीचे शीड नाही. संतापुढे तीन वेळा मान लवविणेही अशा शिडाला सहज जमते. एवढे झुकून ते पुन्हा ताठ उभे राहते.

नौकेचे शरीर तर अधिकच विलक्षण. नाळ पाणी चिरणारी, खाली सरळ आणि तीक्ष्ण. पोट मात्र एकदम फुगीर. आणि काठाकडे येताना ते पुन्हा आत वळते, अगदी आपल्या तांब्याच्या घागरीसारखे. मागची फळी तिरकी कललेली. बाहेरून सर्वांगाला डांबर फासलेले, त्यामुळे काळीभोर. त्यावर तपकिरी-तांबडी शिडे. हा रंग शोभेसाठी दिलेला नव्हता. सुती कापड समुद्राच्या दमटपणात कुजू नये म्हणून ते झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवीत. आपले कोळी बांधवही सुताची जाळी अशीच सालीच्या काढ्यात बुडवीत असत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटन व आयर्लंडच्या मच्छीमारांनी या कामासाठी कात वापरण्यास आरंभ केला, आणि तो जात असे हिंदुस्थान व ब्रह्मदेशातून. पानाला लावतो तोच कात! अटलांटिकवरील शिडांच्या त्या सुप्रसिद्ध रंगात आपल्या खैराच्या झाडाचाही अंश होता, ही गोष्ट मला फार सुखावून जाते.

या नौकेचे आराखडे नसत. कॉनेमाराच्या मैनिश बेटावरील केसी यांच्यासारखी काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय करीत आली. कारखाना म्हणजे घराशेजारची मोकळी जागा. तळाचे मुख्य लाकूड ठेवायचे, त्यावर दोन्ही टोके उभी करायची, मग ओकच्या बाकदार फांद्यांपासून बरगड्या घडवायच्या आणि त्यांवर लार्च लाकडाच्या फळ्या खिळ्यांनी ठोकायच्या. लाकूडही बाहेरून आणावे लागे, कारण कॉनेमारात मोठी झाडे अगदी कमी. बापाच्या साच्यांवरून लेक माप घेई आणि उरलेले सारे डोळ्याच्या अंदाजाने. यामुळे कोणत्याही दोन बोटी हुबेहूब सारख्या नसत आणि दूर क्षितिजावर दिसणाऱ्या शिडावरून बोट कोणाची, हे किनाऱ्यावरचे पोर सांगू शके. आमच्या वसईच्या किनाऱ्यावर होडी बांधणारे मेस्त्रीही असेच कागदावाचून काम करीत आले. ज्ञान हातात असले की कागदाची आठवण होत नाही. पण ते हात गेले की मग कागदही उरत नाही.

हूकरची आणखी एक वस्ती होती, ती गॉलवे शहराला लागून. क्लाडा नावाचे हे मच्छीमारांचे गाव शहराच्या वेशीवर असूनही शहराचे नव्हते. गवताने शाकारलेली घरे, आयरिश भाषा, आपसांत सोयरीक, आपला निवडलेला ‘राजा’ आणि त्याचे दर्यावरचे कायदे. राजाची बोट पांढऱ्या शिडावरून ओळखू येई. मासे पुरुषांनी आणायचे आणि बाजारात नेऊन विकायचे ते बायकांनी. पैशाचा व्यवहारही त्यांच्याच हाती. आमच्या कोळीवाड्यांत वाढलेल्या कोणालाही हे चित्र परके वाटू नये. या गावाचे आध्यात्मिक पालन डोमिनिकन संघाचे धर्मगुरू करीत. ते १४८८ साली गॉलवेत आले. छळाच्या काळात त्यांचा मठ मोडला गेला, पण ते पुन्हा पुन्हा परतले. दुष्काळाच्या ऐन तोंडावर, १८४६ साली, त्यांनी क्लाडाच्या मुलांसाठी मासेमारीचे शिक्षण देणारी शाळा काढली. दर ऑगस्टमध्ये, स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या सुमारास, डोमिनिकन धर्मगुरू बोटीत बसून आखाताला आशीर्वाद देतात आणि मागे इतर बोटींची मिरवणूक असते. वसईच्या किल्ल्यात डोमिनिकन मठाच्या भग्न भिंती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तोच संघ, तोच काळ आणि तसाच समुद्र. इकडे १७३९ नंतर मठ उजाड झाला, तिकडे तो लोकांच्या सोबतीने टिकला.

१८४५ नंतरच्या महादुष्काळाविषयी एक प्रश्न नेहमी विचारला जातो. बटाट्याचे पीक रोगाने गेले, पण समुद्रात मासे होते ना? मग किनाऱ्यावरची माणसे उपाशी का मेली? क्लाडाची कहाणी या प्रश्नाचे उत्तर देते. मच्छीमार मासे विकून बटाटे घेत. बटाटे संपले आणि धान्य महागले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा गहाण टाकली ती जाळी आणि दोर. हिवाळा आला, बोटी किनाऱ्याला बांधलेल्या, आणि त्यांत टाकायला जाळे नाही. १८४७ साली क्वेकर पंथाच्या मदत समितीने पैसे उसने देऊन ही गहाण पडलेली साधने सोडविली. वेगळ्या पंथाच्या माणसांनी कॅथोलिक कोळ्यांची जाळी सोडवून दिली ही गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते, कारण त्याच दुष्काळात धर्म बदलण्याच्या अटीवर सूप वाटणारेही काही होते.

दुष्काळाने लाखो माणसे अमेरिकेला गेली. त्यांपैकी काही बॉस्टनच्या बंदरात मासेमारी करू लागली आणि त्यांनी तेथे जी बोट बांधली, ती आठवणीतली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बॉस्टनच्या किनाऱ्यावर गॉलवेच्या धर्तीच्या लहान काळ्या बोटी दिसू लागल्या. इतर मच्छीमार त्यांना हिणवून ‘पॅडीच्या बोटी’ म्हणत; पॅडी म्हणजे पॅट्रिक, आयरिश माणसाला दिलेले टोपणनाव. अमेरिकन नौकांचे इतिहासकार हॉवर्ड चॅपेल यांनी आपल्या १९५१ च्या ग्रंथात त्यांची नोंद केली आहे. आराखडा नाही, जुने साचे नाहीत, मेस्त्रीही बहुधा सोबत नाही. तरी परक्या किनाऱ्यावर घरचीच बोट उभी राहिली. पुढच्या पिढ्यांनी तेथल्या बोटी स्वीकारल्या आणि ही जात तेथून नाहीशी झाली.

मूळ किनाऱ्यावर ती त्यानंतरही दीर्घकाळ टिकली, आणि याचे कारण भावनेत नसून हिशेबात आहे. १८९५ साली गॉलवेहून क्लिफडनपर्यंत रेल्वे आली. आरनला आगबोट जाऊ लागली. मच्छीमारीत यंत्रे आली. तरी टर्फ शिडानेच जात राहिला. टर्फ हा भारंभार जागा व्यापणारा, स्वस्त आणि न नासणारा माल. तो आज पोहोचला काय आणि परवा पोहोचला काय, बिघडत नाही; पण वाहतुकीला दोन पैसे जास्त लागले तर व्यापार बुडतो. वाऱ्याला पैसे लागत नाहीत. म्हणून जेथे घाई नव्हती आणि पैसाही नव्हता तेथे शीड शेवटपर्यंत उभे राहिले. त्याला अखेर हरविले ते गॅसच्या सिलिंडरने. १९६० च्या दशकात बेटांवर घरोघरी गॅस पोहोचू लागला आणि टर्फची मागणी आटली. शेवटच्या फेऱ्या झाल्या. मालकांनी बोटी खाडीच्या चिखलात नेऊन ठेवल्या. भरतीला पाणी त्यांत शिरे आणि ओहोटीला बरगड्यांतून निथळून जाई. क्लाडाची जुनी घरे तर त्याआधीच, १९३० च्या दशकात, अनारोग्यकारक म्हणून पाडून तेथे सरकारी घरे उभी केली गेली होती.

येथे थोडे थांबून स्वतःलाच बजावावेसे वाटते की, या साऱ्याकडे हळव्या नजरेने पाहू नये. टर्फ कापणे, पाठीवरच्या टोपलीतून बोटीपर्यंत वाहणे, बेटावर उतरविणे हे कंबरडे मोडणारे काम होते आणि त्यात लहान मुलेही राबत. बहुतेक खलाशांना पोहता येत नसे. त्या पाण्याने किती घरे उजाड केली याची कल्पना जॉन सिंग यांच्या १९०४ सालच्या ‘रायडर्स टू द सी’ या छोट्या नाटकावरून येते. आरनमधील एका आईचे सारे मुलगे समुद्र एकेक करून गिळतो, एवढेच त्याचे कथानक. जिला गॅस मिळाला ती बेटावरची गृहिणी टर्फच्या बोटीसाठी रडत बसली नसणार, आणि तिने तसे का करावे?

परंतु सारे संपले असताना एक गोष्ट संपली नव्हती. १६ जुलैला संत मॅकडारांच्या बेटावर भाविकांना नेण्यासाठी बोट हवी होती. आणि त्या दिवशीच्या शर्यतीत आपल्या आजोबांची बोट शेजाऱ्याच्या बोटीमागे राहिली तर वर्षभर मान खाली घालावी लागे. माझ्या मते ही नौका वाचली ती या दोन कारणांनी: एक भक्तीचे आणि दुसरे, प्रामाणिकपणे सांगायचे तर, ईर्षेचे. धंदा गेला तरी काही घरांनी वर्षातून एक दिवस पाण्यात उतरविण्यासाठी दरवर्षी डांबर लावणे सोडले नाही. १९७० च्या दशकात शहरातील काही हौशी मंडळी या किनाऱ्यावर आली, चिखलातील सांगाडे विकत घेऊन दुरुस्त करू लागली, तेव्हा फळी कशी वाकवायची हे सांगणारी माणसे किनाऱ्यावर अजून हयात होती. पाच-दहा वर्षे उशीर झाला असता तर ती भेटली नसती. चिखलातून वर आलेल्या त्या बोटींत एक होती ‘मॉर्निंग स्टार’. आपल्या मरियामातेच्या स्तुतिमाळेत प्रभाततारा म्हणून जे नाव येते, तेच.

१९७८ साली गॉलवे हूकरांची संघटना स्थापन झाली. १९७९ साली आखाताच्या दक्षिण टोकाच्या किनव्हारा गावी ‘बोटींचा मेळा’ सुरू झाला. जेथे पूर्वी टर्फ उतरत असे त्याच धक्क्यावर बोटी येतात आणि टर्फ भरून आणण्याची जुनी रीत पुन्हा केली जाते. १९८३ साली रिचर्ड स्कॉट यांनी या नौकांवर पुस्तक प्रसिद्ध केले. डोळ्यांत आणि हातांत असलेल्या विद्येला त्यामुळे छापील पानांचा आधार मिळाला. १९८६ साली ‘सेंट पॅट्रिक’ नावाची हूकर पॅडी बॅरी यांच्या नेतृत्वाखाली अटलांटिक ओलांडून अमेरिकेला गेली. आखातात टर्फ वाहण्यासाठी घडविलेली जात ती, महासागर ओलांडावा असे तिच्या बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल. सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी दुष्काळाचे लोक जहाजाच्या तळघरात कोंबून ज्या वाटेने गेले, त्या वाटेने ही बोट आपल्या शिडावर गेली.

अर्थात, मालवाहू बोट मेळ्याची बोट झाली याबद्दल कुरकुर करणारे लोक तेथेही आहेत. शर्यतीसाठी शिडे पूर्वीपेक्षा मोठी केली जातात, डोलकाठ्या उंच होतात. जी बोट टर्फच्या ओझ्याने खाली बसून चालत असे ती आता रिकाम्या पोटी उडत जाते. ती तीच बोट म्हणावी काय? मला वाटते, ही तक्रार खरी असली तरी करण्याची चैन त्यांनाच परवडते ज्यांच्याकडे बोट शिल्लक आहे. अर्नाळा, वसई, उत्तन, गोराई या आपल्या किनाऱ्यांवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्र आले आणि त्याने शिडाची जागा घेतली. त्यात कोळ्यांचे हित होते, याविषयी दुमत नाही. होडी पाण्यात लोटण्यापूर्वी धर्मगुरूंना बोलावून आशीर्वाद घेण्याची रीत आपण टिकविली. सणाला होड्या पताकांनी सजवितो. परंतु ते त्रिकोणी शीड कसे शिवीत, ती लांब काठी वाऱ्यात कशी फिरवीत, कोणता दोर कोणत्या नावाने ओळखीत, हे सांगू शकणारे आजोबा आपल्या धर्मग्रामात किती उरले आहेत? त्यांच्यापाशी वही घेऊन कोण बसले? आयर्लंडच्या किनाऱ्यावर बोटीच्या प्रत्येक भागाचे नाव आयरिश भाषेत आहे आणि बोटीबरोबर ते शब्दही वाचले. आपल्या कोळी व सामवेदी बोलींतील असे शब्द होड्यांच्या शिडांबरोबरच गुंडाळले गेले.

शेवटी एका बोटीची गोष्ट, जी मुळात कॉनेमाराची नव्हेच. डब्लिन शहराच्या पश्चिमेला क्लॉनडॉल्किन नावाचे उपनगर आहे. संत क्रोनान यांच्या प्राचीन मठाचा उंच गोल मनोरा तेथे अजून उभा आहे. समुद्र तेथून दिसत नाही. या उपनगरात आयरिश भाषा जपण्यासाठी झटणारे काही रहिवासी एकत्र आले आणि त्यांनी ठरविले की आपण आपल्या हातांनी एक ‘बाड मोर’ बांधायची. नोकरी-धंदा सांभाळून, मिळेल तेव्हा वेळ काढून, त्यांनी ती बांधली. काम कित्येक वर्षे चालले. कधी काळी टर्फच्या विटा वाहण्यासाठी जो आकार एका गरीब किनाऱ्याने घडविला होता, तो दूरच्या शहरात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातून पुन्हा उभा राहिला. १९९७ साली ती पाण्यात उतरली. तिला डांबर फासले होते आणि शिडे तपकिरी-तांबडी होती. नाव ठेवले होते गावच्या संताचे: ‘संत क्रोनान’.